आरती झाली का?

घंटी मी तुळशीबागेतून आणली. पितळी, देवघरातली, मुठीत मावणारी. दुकानदारानं विचारलं, "वास्तुशांत आहे का?" म्हटलं, "नाही, परिषद आहे." त्याला काही उलगडलं नाही आणि मीही समजावत बसले नाही. मौखिक इतिहासाच्या, म्हणजे माणसांच्या तोंडून ऐकून नोंदवलेल्या इतिहासाच्या, परिषदेत निबंध वाचणाऱ्याला पंधराव्या मिनिटाला एकदा आणि विसाव्या मिनिटाला दोनदा घंटी द्यायची, हे काम माझ्याकडं आलं होतं. बँकेत बत्तीस वर्षं काढलेल्या बाईला वेळ सांभाळायला द्यावी असं समितीतल्या सगळ्यांना एकमतानं वाटलं. सहा महिन्यांत एकमत झालेली ती बहुधा एकच गोष्ट.

आमची परिषद लहान. दरवर्षी जानेवारीत दोन दिवस, कधी पुण्यात, कधी बाहेर. मागं विद्यापीठ नाही, अनुदान नाही. इतिहास शिकवणाऱ्या एक मॅडम, रेडिओवर ध्वनिमुद्रणात नोकरी करून निवृत्त झालेले एक काका, पीएच.डी. करणारी दोन मुलं आणि मी, एवढीच समिती. मी यात आले ती पानशेतमुळं. शाखेत पत्त्याच्या कागदांवर 'पूरग्रस्त वसाहत' हे शब्द वर्षानुवर्षं पाहिले होते. लोक बदलले, खाती बदलली, नातवंडं केवायसी घेऊन यायला लागली, तरी पत्त्यातला पूर काही हटेना. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या पाण्यानं खालचं खडकवासलाही फोडलं आणि नदीकाठचं पुणं वाहून गेलं, हे पुण्यात सगळ्यांना माहीत असतं. पण काउंटरपलीकडच्या म्हाताऱ्या बायका सही करता करता जे एखादं वाक्य टाकून जात, ते कुठं लिहिलेलं सापडत नव्हतं. निवृत्त झाल्यावर पहिल्या वर्षी एक रेकॉर्डर घेतला आणि त्यांच्याच घरी जायला लागले.

२०२५ च्या परिषदेचा विषय 'पाणी' ठरला तेव्हा मला आनंद झाला, हे लपवत नाही.

जूनमध्ये पहिली बैठक झाली आणि तिच्यातला दीड तास एका शब्दावर गेला. मुलाखत देणाऱ्या माणसाला म्हणायचं काय? 'निवेदक' म्हटलं की काकांना सकाळच्या बातम्या आठवतात. 'माहितीदार' म्हणजे पोलिसांचा खबऱ्या वाटतो. 'कथनकर्ता' असं जिवंत माणसाला कुणी म्हणत नाही. मी म्हटलं, 'सांगणारे' म्हणू या, सरळ. मॅडमना ते फारच साधं वाटलं. शेवटी पत्रिकेवर 'सहभागी' छापून वाद मिटवला, पण आपसात आम्ही आजही सांगणारेच म्हणतो.

जुलैअखेर निबंधांसाठी आवाहन पाठवलं. सारांश तीनशे शब्दांत हवा आणि त्यात तीन प्रश्नांची उत्तरं हवीतच: कुणाकुणाशी बोललात, कुठल्या बोलीत बोललात आणि रेकॉर्डिंग आता कुठं आहे. तिसरा प्रश्न माझा. ठेव कुठं आहे ते आधी विचारायचं ही बँकेतली सवय. सप्टेंबरपर्यंत ५७ सारांश आले. त्यातल्या चौदांनी एकाही माणसाशी न बोलता मौखिक इतिहासाचं स्वरूप, व्याप्ती आणि महत्त्व सांगितलं होतं. रेकॉर्डिंग कुठं आहे या प्रश्नाला सर्वाधिक उत्तर 'मोबाइलमध्ये', त्याखालोखाल 'जुन्या मोबाइलमध्ये'. एकानं लिहिलं होतं, 'मोबाइल विहिरीत पडला.' परिषदेचा विषय पाणी आहे म्हणून गंमत केली असेल असं वाटून मी फोन केला. खरंच पडला होता. बारा मुलाखती होत्या त्यात. काका दोन दिवस त्या मुलाच्या नावानं हळहळत होते आणि त्यानंतर प्रत्येकाला सांगत सुटले: मूळ फाइल 'वेव्ह'मध्ये, म्हणजे आवाज न दाबता, ठेवा, तीन प्रती करा, तीनही एका कपाटात ठेवू नका.

निवडीच्या बैठकीत खरं भांडण झालं ते 'संदर्भ नाहीत' या शेऱ्यावरून. आमच्यातल्या एका मुलानं एका अंगणवाडी सेविकेचा सारांश बाजूला काढला होता. तिनं आपल्या गावातल्या सात बायकांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल विचारलं होतं. मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरीबद्दल, वाटलेल्या सुकडीबद्दल, रोजगार हमीच्या खडीवर पोरं कुठं निजवायची त्याबद्दल. खाली तळटीप एकही नाही. मॅडम चष्मा काढून म्हणाल्या, "उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून आंबेडकरी चळवळीतल्या बायका हुडकत फिरल्या, तेव्हा त्या बायकांच्या नावानं तरी कुठं संदर्भ होते? १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' आलं आणि तेच आता आपण संदर्भ म्हणून देतो." सारांश आत आला. मॅडमशी माझं फारसं जमत नाही, पण त्या दिवशी त्यांच्यासाठी मी स्वतः उठून चहा केला.

असे २४ निबंध उरले. दोन सभागृहांत समांतर सत्रं ठेवली तर वेळेचा प्रश्नच नव्हता. काकांनी ते हाणून पाडलं. "एका खोलीत एक बोलतोय, दुसरीत दुसरा. आणि आपण म्हणे ऐकणाऱ्यांची परिषद भरवतोय." म्हणून सभागृह एकच. २४ निबंध, प्रत्येकी २० मिनिटं, वर ५ मिनिटं चर्चा, म्हणजे बरोबर दहा तास. शिवाय उद्घाटन, बीजभाषण, दोन जेवणं, चार चहा, समारोप. मी एक्सेलमध्ये तक्ता मांडला. जिथं वेळ जुळते तो चौकोन हिरवा, जिथं ओलांडते तो लाल. नोव्हेंबरच्या एका रात्री सगळे चौकोन हिरवे झाले आणि मला ताळेबंद जुळल्यासारखी झोप लागली.

पैशांचं थोडक्यात सांगते. नोंदणी ६०० रुपये, विद्यार्थ्यांना २५०. सभागृह एका महाविद्यालयानं फुकट दिलं, पण रविवारी शिपाई आणि वॉचमन यांचा जादा भत्ता आम्ही द्यायचा. एकूण अंदाज १ लाख ४६ हजार, त्यात अर्धा खर्च जेवणाचा. तक्ता तिसऱ्यांदा वाचताना माझ्या लक्षात आलं की पाहुण्यांचा प्रवास आहे, अध्यक्षांचं मानधन आहे, शाल-नारळ आहे, पण सांगणाऱ्यांना आणण्या-नेण्याचा खर्च कुठंच नाही. कारण सांगणाऱ्यांना बोलवायचंच कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. दोन दिवस त्यांच्या आयुष्यावर बोलायचं आणि त्यांच्यापैकी एकही माणूस सभागृहात नाही. मी ओळ घातली: 'सांगणारे, रिक्षा व प्रवास, ८,०००.' मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, पण शाली कमी करा. शाली कमी केल्या.

ही ओळ घालण्यामागं माझा स्वार्थही होता. माझा निबंध एकाच बाईंच्या मुलाखतीवर उभा होता. त्यांना इथं ताई म्हणते, मी तशीच हाक मारते. पुराच्या वेळी त्या अकरा वर्षांच्या. नदीकाठी एका वाड्यात भाड्याच्या दोन खोल्या, वडील मंडईत हमाल. पूर आला, वाडा बसला, आधी एका शाळेत ठेवलं, मग पुढं गोखलेनगर, पूरग्रस्तांची वसाहत. दोन बैठकांत दोन तास चाळीस मिनिटं बोलल्या. ते उतरवून काढायला मला वीस तास लागले. एक तास ऐकलेलं लिहायला सात-आठ तास जातातच. माणूस थांबतो, मागं जातो, कुकरची शिट्टी होते, नातू विचारतो चार्जर कुठाय, आणि हे सगळं लिहायचं की गाळायचं हे दर मिनिटाला ठरवावं लागतं.

ताईंनी संमतीपत्रावर सही केली होती ती 'अभ्यासासाठी वापरण्यास' अशी. भरसभेत त्यांचा आवाज वाजवणं त्यात बसतं का? समितीत कुणी म्हणालं बसतं. मला शंका होती म्हणून परत गेले. त्या म्हणाल्या, "वाजव की. पण मी असताना वाजव. माझ्या माघारी मी काय बोलते ते मला कळायला नको?" त्यानंतर आमच्या संमतीपत्रात तीन वेगळे चौकोन आले: अभ्यासाला, छापायला, लोकांपुढं वाजवायला. तिन्हींवर वेगवेगळी खूण घ्यायची.

१८ जानेवारी, शनिवार. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते, म्हणून नोंदणीच्या टेबलावर तिळगुळाचा डबा ठेवला होता. ताई साडेनऊलाच आल्या, नातसुनेबरोबर, ठेवणीतलं इरकल नेसून. टेबलावरच्या मुलीनं बिल्ला लिहायला घेतला. नाव लिहून झालं. खालच्या ओळीसाठी विचारलं, "संस्था?" ताई म्हणाल्या, "गोखलेनगर." मुलीनं तेच लिहिलं. दोन दिवसांत मी पाहिलेल्या शे-सव्वाशे बिल्ल्यांत तो सर्वांत नेमका होता.

दीपप्रज्वलनात पंख्यानं काडी तीनदा विझवली. स्वागतं झाली. बीजभाषणात अपेक्षेप्रमाणे १९४८ आलं. मौखिक इतिहासावरचं कुठलंही बीजभाषण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी १९४८ साली सुरू केलेल्या कामाला हात जोडल्याशिवाय पुढं जात नाही. माझी तक्रार नाही, पण तेवढ्यासाठी दहा मिनिटं? चाळीस मिनिटांचं भाषण पंचावन्न मिनिटं चाललं. बीजभाषकाला घंटी द्यायची की नाही हे आम्ही ठरवलंच नव्हतं. मी मॅडमकडं पाहिलं, त्यांनी मान हलवली: नको. तक्त्यातला पहिला चौकोन लाल झाला.

त्यामुळं निबंध सुरू झाल्यावर मी कडक झाले. कोयनेच्या विस्थापितांवर बोलणारा मुलगा, ज्या धरणानं घरं घेतली त्याच खोऱ्यात ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानं माणसं पुन्हा कशी उघड्यावर आली ते सांगत होता. विसाव्या मिनिटाला दोन टोले. मुळशी-मावळातून हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांत धरण कुठं-कुठं येतं ते शोधणारी मुलगी ओवी अर्धी गाऊन थांबली. गिरणगावातल्या चाळींच्या नळांवर एकांचा निबंध होता. पहाटे तीनला लागणाऱ्या रांगा, कळशीच्या जागी ठेवलेला दगड आणि त्या दगडालाही असलेला मान. त्यांनी सुरुवात केली, "आज १८ जानेवारी. १९८२ साली आजच्याच दिवशी गिरण्यांचा संप सुरू झाला." सभागृह गप्प झालं. ती शांतता किती वेळ टिकली माहीत नाही, पण मी घड्याळाकडं पाहत होते, हे आठवतं. उजनीच्या जलाशयाचं पाणी ओसरलं की पळसदेवचं बुडालेलं मंदिर वर येतं, तेव्हा उठून गेलेली माणसं आपलं जुनं दार कुठं असेल ते पावलांनी मोजत फिरतात, यावर एका विद्यार्थ्याचा निबंध होता. त्यालाही टोले दिले. सगळे वेळेत थांबले. दुपारपर्यंत लाल चौकोन पुन्हा हिरव्याच्या जवळ आले होते आणि मी स्वतःवर खूश होते.

तीन वाजता माझी पाळी. घंटी एस.वाय.ला असलेल्या एका स्वयंसेवक मुलीच्या हातात दिली आणि बजावलं, "कुणालाही सूट नाही. मलासुद्धा."

पहिली सहा मिनिटं आवाजात गेली. ताईंची फाइल लॅपटॉपवर वाजत होती, पट्टी पुढं सरकत होती, सभागृहात मात्र शुकशुकाट. केबलमधून आवाज प्रोजेक्टरकडं जात होता आणि प्रोजेक्टरला आवाज नव्हताच. आदल्या दिवशी आम्ही माइक तपासले होते, स्पीकर तपासले होते, लॅपटॉप लावून एकही फाइल वाजवून पाहिली नव्हती. मौखिक इतिहासाच्या परिषदेत! काकांनी शेवटी केबलबिबल सोडून दिली आणि हातातला माइक लॅपटॉपच्या कुशीत धरला. ताईंचा आवाज आला. जरा पत्र्यातून आल्यासारखा, पण आला.

सहा मिनिटं भरून काढायला मी निबंधातली दोन पानं उलटली. तिथंच चूक झाली, कारण नेमकं त्याच पानांत मी आधीच ओळखलेल्या एका हरकतीचं उत्तर होतं. ताईंनी सांगितलं होतं की पूर आला त्या दिवशी 'दिव्याची आवस' होती. मी पंचांग पाहिलं होतं. १२ जुलै १९६१ ला अमावस्या होती हे खरं, पण ती ज्येष्ठातली. त्या साली अधिकमास आल्यामुळं सगळं पुढं सरकलं होतं. दिव्यांची अवस आषाढाच्या शेवटी येते, तीही त्या साली ऑगस्टात आली. म्हणजे ताईंनी पूर एका महिन्यानं पुढं ढकलला होता. असं का होतं, यासाठी मी इटलीतल्या तेर्नी गावचं उदाहरण घेतलं होतं. लुइजी त्रास्तुल्ली नावाचा पोलाद कारखान्यातला कामगार १९४९ साली पोलिसांच्या गोळीनं मेला, पण गावातले कित्येक जण तो १९५३ च्या कामगारकपातीच्या वेळच्या दंग्यात मेला असं सांगायचे. मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी ही चूक खोडली नाही, ती माणसांनी का केली ते पाहिलं. हे सगळं त्या उलटलेल्या दोन पानांत राहिलं.

पडद्यावर मात्र ताईंचं वाक्य झळकत होतं. आणि तेही मी सुधारून लिहिलेलं: 'त्या दिवशी दीप अमावस्या होती.' कबूल करते, निबंधात शोभेल म्हणून तसं केलं. तिसऱ्या रांगेतून आवाज आला, माइकविना, खणखणीत.

"ए बाई, मी दीप-बीप नाही म्हणले. दिव्याची आवस म्हणले."

सभागृह हसलं. मीही हसले, पण कान तापले होते. मी ते सर्वांसमोर चूक म्हणून मान्य केलं. तेवढ्यात मागून एक गृहस्थ उठले. पंच्याहत्तरीच्या आतबाहेरचे, खिशाला दोन पेनं, हातात चौघडी घातलेला कागद. पुण्यातल्या सभेत असा एक कागद नेहमी असतो. ते म्हणाले, "नाव काहीही असो, तपशील चुकीचा आहे. त्या दिवशी ज्येष्ठ अमावस्या होती. बुधवार. आपण हे असं पुढच्या पिढीला देणार का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ताई त्याआधीच उभ्या राहिल्या होत्या. मुलगा माइक घेऊन धावला, त्यांनी तो हातानंच बाजूला केला.

"तुमचं पंचांग बरोबर असंल," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकलेले. आम्हाला शाळेत कोंबलं होतं. लाइट गेलेली. सगळ्या पुण्याची गेलेली. मास्तर एक कंदील घेऊन आले, मग कुणी चिमणी आणली, एक बाई समई घेऊन आली, घर गेलं तिचं, पण समई हातात. वर्गात सगळीकडं दिवेच दिवे. माझी आई त्या दिव्यांतनं एकेकाच्या तोंडाशी दिवा धरून बघत फिरत होती, कारण माझा—"

टण् टण्.

पोरीची काही चूक नव्हती. पंचविसावं मिनिट होतं, चर्चेचीही वेळ संपली होती. मी सांगितलं होतं तेच तिनं केलं.

ताई थांबल्या. त्या मुलीकडं पाहिलं, तिच्या हातातल्या घंटीकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "आरती झाली का?"

या वेळी हसू सगळ्यात मोठं आलं. टाळ्याही पडल्या. ताई पदर सावरून खाली बसल्या. सत्राच्या अध्यक्षांनी "फारच सुंदर" म्हणून पुढचं नाव पुकारलं. मी व्यासपीठावरून उतरले तेव्हा मला एकच दिसत होतं, की पावणेतीन तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये ही गोष्ट नव्हती. आई दिवा घेऊन फिरत होती हे मला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. सव्वाशे लोकांत, त्या कागदवाल्या गृहस्थांना उत्तर देताना ते पहिल्यांदा वर आलं होतं.

चहाला मी त्यांच्याजवळ गेले. "ताई, ते आईचं सांगत होतात..."

"झालं की ते," त्या म्हणाल्या. "बिस्कीट घे. सकाळपासनं उभी आहेस." नंतर दोनदा घरी गेले तेव्हाही विषय निघाला नाही, आणि मी काढला नाही.

त्या रात्री समितीची बैठक महाविद्यालयाच्या पायऱ्यांवरच झाली. काका म्हणाले, उद्या घंटी नको. मॅडम म्हणाल्या, घंटी नसेल तर प्राध्यापक मंडळी आवरणार नाहीत, भोगा मग. मुलं गप्प होती. एस.वाय.ची पोरगी बाजूला बसून रडत होती, तिची समजूत काढण्यात अर्धा तास गेला. शेवटी काका जिंकले. घंटी माझ्या पर्समध्ये गेली.

आणि मॅडमचं म्हणणंही खरं ठरलं. दुसऱ्या दिवशी एका प्राध्यापकांनी ४७ मिनिटं घेतली, त्यात मुलाखतीतलं वाक्य एकही नाही. पुढचे तिघे बिचारे दहा-दहा मिनिटांत आटोपले. जेवण सव्वा तास उशिरा लागलं, आचारी चिडला, पुऱ्या वातड झाल्या, समारोपाचे पाहुणे रिकाम्या खुर्च्यांकडं बघत बसले. पण त्याच दुपारी ती अंगणवाडी सेविका बोलली. तिनं आपल्या सातांपैकी दोघींना पदरच्या पैशानं एसटीनं आणलं होतं. (आठ हजारांच्या त्या ओळीबद्दल तिला कुणी कळवलंच नव्हतं. पैसे नंतर दिले, तरी लाज वाटायची ती वाटलीच.) निबंध तिनं पाच मिनिटांत संपवला आणि माइक त्यांना दिला. दोघींचं आपसातच जुंपलं. एक म्हणे मिलोची भाकरी गिळवत नसे, दुसरी म्हणे तुला नसेल, आम्हाला तीही पुरली नाही. अर्धा तास त्या एकमेकींशी बोलत होत्या, आम्हाला विसरून. कुणी जागचं हललं नाही. माझ्या तक्त्यात त्या दुपारचे सगळे चौकोन लाल आहेत. ती फाइल मी तशीच ठेवली आहे.

हिशेब फेब्रुवारीत लागला. २,३४० रुपये उरले, त्यातून एक आवाजाची जोडणी आणि दोन वायरी घेतल्या. ताईंच्या लिखित मुलाखतीत 'दिव्याची आवस' परत आणलं. खाली टीप दिली: पंचांगानुसार ज्येष्ठ अमावस्या. परिषदेत त्या जे बोलल्या तेही काकांच्या रेकॉर्डरवर आलं होतं, घंटीच्या दोन टोल्यांसकट. ते जसंच्या तसं जोडलं, ताईंना वाचून दाखवून, तिन्ही चौकोनांवर खूण घेऊन.

मार्चमध्ये त्या कागदवाल्या गृहस्थांचं पाकीट आलं. आत १९६१ च्या पंचांगाच्या पानाची झेरॉक्स, तारखेवर लाल रेघ, आणि चार ओळी: आपण स्वतः त्या वेळी नऊ वर्षांचे होतो, नारायण पेठेत राहत होतो, आपली माहिती अचूक आणि लेखी स्वरूपात आहे, हवी असल्यास गुरुवारी तीन वाजता यावे.

गेले. त्यांनी अकरा फुलस्केप पानं काढून ठेवली होती, टाइप केलेली. रेकॉर्डर लावला. त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. सकाळी किती वाजता ओरडा ऐकू आला, पाणी कितव्या पायरीला कधी लागलं, लकडी पूल कधी दिसेनासा झाला, शेजारच्या वाड्याची भिंत कधी बसली. प्रत्येक ओळीला वेळ. मधे एकदाही थांबले नाहीत. आठव्या पानावर दुपारचे एक वाजले आणि नवव्या पानावर एकदम संध्याकाळचे पाच. मी त्यांना वाचू दिलं. शेवटचं पान संपल्यावर विचारलं, "एक ते पाच?"

त्यांनी पानं टाचणीला टाचणी जुळवून सारखी केली. मग म्हणाले, "ते टाइप केलेलं नाही." थोड्या वेळानं रेकॉर्डरकडं बोट करून, "हे बंद होतं का?"

मी बंद केला. लाल दिवा गेलेला त्यांना वाकून दाखवला.

आमच्या नोंदवहीत त्या मुलाखतीसमोर 'अवधी: १ तास ५२ मिनिटे' असं लिहिलेलं आहे. मी त्यांच्या घरातून निघाले तेव्हा पावणेसात वाजले होते.